उद्याचं पाणी

केडगाव म्हटलं की आमच्याकडचा माणूस आधी विचारतो, "कुठलं? नगरचं का दौंडचं?" नगरचं केडगाव शहराला चिकटलेलं, रेणुकामातेच्या देवळाचं. मी सांगणार आहे ते दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेवरचं. आमचा श्रीगोंदा तालुका आणि दौंड यांच्यामध्ये भीमा नदी. नदी ओलांडली की माती तीच, हवा तीच, बोली तीच. आज तिकडं ऊस दिसतो, गुऱ्हाळांचा धूर दिसतो, कॅनॉलचं पाणी खळखळताना दिसतं. नव्या माणसाला वाटतं, हा मुलूख पहिल्यापासूनच हिरवागार असणार. तसं नव्हतं. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि आमच्याकडं पोचेपर्यंत ढग रिकामे होतात. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही चार वर्षांतून एकदा दगा देणार. बाजरी, हुलगा, मटकी, आणि परतीचा पाऊस झाला तर रब्बीची ज्वारी. एवढ्यावर माणसं जगत होती.

अशा जमिनीवर पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं. बाकी महाराष्ट्राला रमाबाई विदुषी म्हणून माहीत आहेत, विधवांसाठी झटलेल्या म्हणून माहीत आहेत, कुणाला धर्म बदलला म्हणून माहीत आहेत. त्यांचं संस्कृत, त्यांचे वादविवाद यावर बोलायचा माझा अधिकार नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. जमीन, विहीर आणि दुष्काळ एवढं मला कळतं. आणि एक प्रश्न मला आयुष्यभर पडत आलाय. अडचणीत देव वाट दाखवतो असं आम्ही ख्रिस्ती लोक दर रविवारी म्हणतो. वाट दाखवतो म्हणजे नेमकं काय करतो? याचं उत्तर मला केडगावच्या विहिरींच्या गोष्टीत जितकं सापडलं तितकं कुठल्या प्रवचनात सापडलं नाही. म्हणून ही गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूनं सांगतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांची बोलणी खाल्लेला माणूस. पुढं आईनं लेकीला शिकवलं. हातातला पैसा संपला, घर सुटलं आणि सगळं कुटुंब तीर्थं करत, पुराण सांगत गावोगाव फिरायला लागलं. १८७४ च्या सुमाराला ते मद्रास इलाख्यात होते आणि तिथं दुष्काळानं गाठलं.

ते दिवस रमाबाईंनी पुढं आपल्या साक्षीत लिहून ठेवलेत. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानात घातलं. देव पावेल, कुठून तरी धन येईल, या आशेवर दिवस काढले. भीक मागायची लाज वाटायची, आणि मजुरी कशी करायची ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी पाणी पिऊन आणि झाडपाला चावून राहायची पाळी आली. आधी वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, मग थोरली बहीण. राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघं बहीणभावंडं अनवाणी पायांनी हिंदुस्थानभर हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीनं मरायची वेळ आली तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे केले, आत पडून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली.

इथं मी कुणाच्या धर्माला नावं ठेवत नाही. उपाशी माणूस कुठल्याही धर्माचा असला तरी हात जोडतोच, आणि हात जोडून नुसतं बसून राहणारे आमच्यातही कमी नाहीत. मला यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या घरात विद्या होती, भक्ती होती, पण हाताला काम माहीत नव्हतं. दुष्काळात ते नडलं. हे रमाबाईंच्या मनावर कायमचं कोरलं गेलं असावं, कारण पुढं त्यांनी केडगावात जे केलं त्यात हाताच्या कामाला देवळाइतकी जागा दिली.

पुढचा इतिहास पुष्कळांना माहीत आहे, मी धावता सांगतो. १८७८ साली ही भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्या पाहून त्यांना पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं. १८८० ला भाऊ वारला. त्याच साली त्यांनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. १८८१ ला मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. रमाबाईंना तेव्हा चोविसावं वर्ष चालू होतं. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेलेले आणि कडेवर दहा महिन्यांची पोर.

तिथून त्या पुण्याला आल्या. १८८३ ला इंग्लंडला गेल्या आणि तिथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ ला अमेरिकेला गेल्या. तिथल्या लोकांनी मंडळ काढून विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करून दिला. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ ला मोठं वादळ उठलं. मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून ओरड झाली आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या.

आज शंभर-सव्वाशे वर्षांनी मागं वळून बघणाऱ्याला हा सगळा एक सरळ रस्ता दिसतो. म्हणजे देवानं दुष्काळ दाखवला तो पुढच्या दुष्काळातल्या मुलींसाठी, विधवा केलं ते विधवांसाठी, असं कुणीही सहज बोलून जातो. आमचे काही प्रचारक तर फळ्यावर रेघ ओढावी तसं सांगतात. चालणाऱ्याला तो रस्ता तसा दिसत नसतो. झेलमच्या वाळूत रात्र काढणाऱ्या मुलीला केडगाव दिसलं नव्हतं. तिला फक्त सकाळ व्हायला हवी होती.

आता जमिनीची गोष्ट. अमेरिकेतल्या मंडळानं शारदा सदनाला दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. ती मुदत १८९८ च्या सुमाराला संपायची होती. नंतर काय? लोकांकडं पुन्हा हात पसरायचा का? रमाबाईंनी शेतकऱ्यासारखा हिशेब केला. जमीन घ्यायची, फळझाडं लावायची आणि फळांच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. म्हणून केडगावला रेल्वेच्या जवळ शंभरेक एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, झाडं लावली.

हा निर्णय मला फार मोठा वाटतो. बाजरी पेरणारा तीन-चार महिने पुढचं बघतो. फळझाड लावणारा चार-पाच वर्षं पुढचं बघतो. आमच्या श्रीगोंद्यात लिंबाच्या बागा पुष्कळ आहेत, त्यामुळे मला ठाऊक आहे. रोप लावल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत ते नुसतं खातं. पाणी खातं, खत खातं, माणसाची मेहनत खातं. ज्याला उद्यावर विश्वास नाही तो फळझाड लावतच नाही. रमाबाई तर पुराणं पाठ केलेल्या, शाळा चालवणाऱ्या बाई. त्यांनी कोरडवाहू माळावर बाग लावायला घेतली.

आणि बाग उत्पन्नाला यायच्या आत १८९६ चा पाऊस गेला.

तो दुष्काळ मोठा होता. आपल्याकडं दख्खनात होताच, मध्य प्रांतात फारच भयंकर होता. तिकडच्या बातम्या येत होत्या. माणसं रस्त्यावर मरत होती, अनाथ झालेल्या पोरी नको त्या माणसांच्या हातात पडत होत्या. रमाबाईंकडं पैसा नव्हता. पण बावीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे दिवस मनात जिवंत होते. १८९७ च्या सुरुवातीला त्या मध्य प्रांतात गेल्या. तीनशे मुलींना आसरा द्यायचा असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि हे देवाचंच सांगणं आहे अशी त्यांची खात्री झाली. तीनशे पोरींना रोज दोन वेळचं द्यायचं तर धान्य किती लागतं, याचा हिशेब ज्यानं घर चालवलंय त्याला लगेच कळेल. त्यांच्या हातात तेवढं धान्यही नव्हतं आणि तेवढं छप्परही नव्हतं.

त्यात पुण्यात प्लेग आला. शहरात नव्या माणसांची एवढी गर्दी ठेवणं शक्य राहिलं नाही. तीनशे उपाशी, आजारी, किडलेल्या डोक्यांच्या पोरी घेऊन जायचं कुठं? केडगावला. फळबागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर गवताची छपरं उभी राहिली आणि त्या छपरांखाली मुली राहिल्या. पुढं पक्क्या इमारती झाल्या आणि त्या जागेचं नाव पडलं मुक्ती.

पवित्र शास्त्रात योसेफाची गोष्ट आहे. फारोच्या स्वप्नावरून त्याला सात वर्षांचा दुष्काळ आधीच कळला आणि त्यानं मिसर देशात धान्याची कोठारं भरून ठेवली. रमाबाईंना असलं काही आधी कळलं नव्हतं. त्यांनी जमीन घेतली ती संस्थेचा खर्च भागावा म्हणून. तेव्हा दुष्काळ माहीत नव्हता, प्लेग माहीत नव्हता. समोर जी अडचण दिसत होती तिच्यावर त्यांनी प्रार्थना केली आणि विचार करून प्रामाणिकपणे तोड काढली. ती जमीन दुसऱ्याच कामाला आली, आणि ज्यासाठी घेतली त्याहून मोठ्या कामाला आली. देवाचं वाट दाखवणं मला इथं दिसतं. आपल्या हातून एक खड्डा खणला जातो, आपण म्हणतो खतासाठी, आणि पाऊस आल्यावर त्यात पाणी साठतं.

एक गोष्ट इथंच सांगतो. देवावर विश्वास म्हणजे गप्प बसणं असंही रमाबाईंनी मानलं नाही. पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची जी हेळसांड झाली तिच्याबद्दल त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. राज्य गोऱ्यांचं, धर्म गोऱ्यांचा म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही.

दोनच वर्षांनी, १८९९ ला, पाऊस पुन्हा गेला. हा तो प्रसिद्ध छप्पन्नचा दुष्काळ, संवत १९५६ चा. गुजरात आणि राजपुताना यांची त्यानं राखरांगोळी केली. रमाबाईंची माणसं तिकडं गेली आणि तिकडच्याही मुली केडगावला आल्या. १९०० साली मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शिवाय गुरंढोरं. आणि एवढ्या सगळ्यांना पाणी द्यायला विहिरी होत्या दोन.

रमाबाईंनी त्या उन्हाळ्याबद्दल लिहिलंय. रोज संध्याकाळी विहिरींचा तळ दिसायचा. लोक म्हणायचे, संपलं, आता उद्याला पाणी नाही. सकाळी बघावं तर त्या दिवसापुरतं पाणी विहिरीत आलेलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तळ. पुन्हा सकाळी पाणी.

शहरातला वाचक म्हणेल हा चमत्कार झाला, किंवा म्हणेल ही थाप आहे. शेतकऱ्याला यात थापही वाटत नाही आणि जादूही वाटत नाही. आमच्या भागातला खडक काळा बसाल्टचा. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली मांजऱ्या खडक, मग कठीण पाषाण. पाणी असतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. विहीर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, ती त्या भेगांना पाडलेली वाट. दिवसभर उपसा केला की तळ उघडा पडतो. रात्री मोट थांबते आणि भेगांतून थेंबाथेंबानं झिरपा सुरू होतो. सकाळपर्यंत दोन-तीन हात पाणी चढतं. १९७२ च्या उन्हाळ्यात मी दहा-बारा वर्षांचा होतो. बायका रात्री दोन वाजता विहिरीत उतरायच्या, वाटीनं पाणी गोळा करून हंडा भरायच्या. आई दिवसा खडी फोडायच्या कामावर, पोटाला मिलोच्या लाल भाकरी आणि आम्हा पोरांना सुकडी. तेव्हा आमच्या आळीतली एकच विहीर झिरपत होती, बाकीच्या ठणठणीत. एकाच खडकात शेजारी शेजारी खणलेल्या दोन विहिरी, एकीला भेग लागली, दुसरीला नाही. का, ते पाणाड्यालाही सांगता येत नाही.

म्हणून केडगावच्या विहिरी झिरपल्या यात निसर्गाच्या उलटं काही घडलं नाही. पण दोन हजार माणसांना पुरेल एवढं, आणि नेमकं पाऊस येईपर्यंत झिरपल्या, यात मी देवाचा हात मानतो. कुणी न मानलं तर माझं भांडण नाही. मला त्यातली रीत महत्त्वाची वाटते. देवानं त्यांना आठवडाभराचं पाणी एकदम दिलं नाही. उद्याचं पाणी आज दाखवलंसुद्धा नाही. मोशेबरोबर अरण्यातून चाललेल्या इस्राएल लोकांना मान्ना मिळत होता, तोही एका दिवसापुरता. शब्बाथाची गोष्ट सोडली तर उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे. ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. तिचा अर्थ मला झिरप्याच्या विहिरीनं सांगितला. संध्याकाळी तळ दिसत असताना जो माणूस सकाळसाठी दोर आणि पोहरा जागेवर ठेवून झोपतो, त्याला मी विश्वासू म्हणेन.

आता जे सांगतो ते आमच्यातल्या काहींना आवडणार नाही. मुक्तीत आलेल्या सगळ्या मुली वाचल्या नाहीत. उपासानं ज्यांच्या आतड्यांत जीव राहिला नव्हता अशा कितीतरी पोरी अन्नाजवळ पोचूनही गेल्या. दुष्काळात माणूस भुकेनं मरतो तसा भूक भागायला लागल्यावरही मरतो, कारण शरीर थकलेलं असतं आणि हगवण, ताप त्याला पुरते उचलतात. रमाबाईंनी प्रार्थना केलीच असणार. रात्री जागवल्या असणार. तरी मुली गेल्या.

मग काय, विश्वास कमी पडला?

हे मी मुद्दाम विचारतो. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात नव्या तऱ्हेचे सभावाले येतात. मोठा मांडव, मोठा आवाज. ते म्हणतात, विश्वास पक्का असेल तर कर्ज फिटेल, दुखणं जाईल, बोअरला पाणी लागेल. आमच्या मंडळीतल्या एका बाईचा कर्ता मुलगा कर्जापायी गेला. तिला अशाच एकानं तोंडावर सांगितलं की घरात प्रार्थना कमी पडली. ती बाई त्यानंतर सहा महिने उपासनेला आली नाही. तिच्या घरी मी जाऊन बसलो. मला काही प्रवचन येत नाही. मी तिला रमाबाईंच्या घरातले गेलेले एकेक माणूस मोजून दाखवले. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा. म्हटलं, ताई, या बाईचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे का? ती काही बोलली नाही. पण पुढच्या रविवारी मागच्या बाकावर येऊन बसली.

आम्हाला आणखी एक बोलणं ऐकावं लागतं. दुष्काळात पोटासाठी बाटलेले, असं. नगर-पुण्याकडच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांचं मूळ दुष्काळातल्या अनाथ पोरांपर्यंत जातं, हे खरं आहे. त्यात लपवण्यासारखं मला काही वाटत नाही. भुकेल्या पोराला भाकरी दिली आणि त्यानं ती घेतली, यात देणाऱ्याचं पाप नाही आणि घेणाऱ्याचंही नाही. पण नुसत्या भाकरीवर चार पिढ्या टिकत नाहीत. १९७२ ला आमच्या लोकांनी सगळ्या गावाबरोबर खडी फोडली, एकाच रांगेत सुकडी घेतली. देवावरचा विश्वास त्या वर्षी भाकरीसाठी नव्हता, कारण भाकरी सगळ्यांची सारखीच अपुरी होती.

माझ्या स्वतःच्या शेतातली एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे, कारण त्याशिवाय मी हे कुठल्या तोंडानं लिहितो ते कळणार नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात माझी लिंबाची बाग वाळायला लागली. जानेवारीतच विहिरीनं तळ गाठला. टँकरचं पाणी आणायचं तर सगळ्या बागेला पुरणार नाही एवढा पैसा होता. मी रोज पहाटे बांधावर उभा राहून प्रार्थना केली. देव काही बोलला नाही. स्वप्न पडलं नाही, वचन आठवलं नाही, कुणी निरोप घेऊन आलं नाही. शेवटी बायको म्हणाली, "निम्मी तरी राखू." मग दोघांनी मिळून म्हाताऱ्या झाडांवर खूण केली आणि ती तोडली. उरलेल्या झाडांचा पाला छाटला, बुंध्याशी उसाचं पाचट पसरलं, झाडागणिक मोजून पाणी घातलं. निम्मी बाग जगली. पुष्कळ दिवस मला वाटायचं की त्या वर्षी देवानं मला उत्तर दिलं नाही. आता वाटतं, उत्तर बायकोच्या तोंडून आलं होतं आणि चार शब्दांचंसुद्धा नव्हतं.

केडगावात रमाबाईंनी मुलींना हेच शिकवलं असं मला दिसतं. तिथं प्रार्थना होती, भरपूर होती. १९०५ साली तिथं जे आध्यात्मिक संजीवन झालं ते जगभरच्या ख्रिस्ती लोकांना माहीत आहे. पण त्याच आवारात हातमाग होते, तेलाचा घाणा होता, दूधदुभतं होतं, शेती होती, शिवण होतं, छापखाना होता. आंधळ्या मुलींनाही हाताला काम होतं. ज्या पोरीला लहानपणी दुष्काळात मजुरी करता आली नाही म्हणून आपलं सगळं घर गमवावं लागलं, तिनं मोठेपणी असं गाव वसवलं की जिथं रिकाम्या हाताची मुलगी राहू नये. तिच्या आईवडिलांनी देवाची वाट पाहिली. तिनंही देवाचीच वाट पाहिली, पण हात चालू ठेवून.

छापखान्याचं तर मला नवल वाटतं. रमाबाईंनी म्हातारपणाकडं झुकताना पवित्र शास्त्र मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून मराठीत आणायला घेतलं. साध्या बायकांना कळावी अशी मराठी त्यांना हवी होती. त्यासाठी त्या या दोन्ही भाषा शिकल्या. दीडेक तपाहून जास्त काळ हे काम चाललं. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीतल्याच मुली. त्यांतल्या कितीतरी अशा होत्या, ज्यांना दुष्काळात कुणी रस्त्यावरून उचललं होतं.

हे काम संपत आलं असताना शेवटचा घाव बसला. मनोरमा, जिनं पुढं सगळं सांभाळायचं, ती आईच्या आधी गेली. १९२१ च्या जुलैत. चाळीस वर्षांची होती. रमाबाईंचे कान गेलेले, शरीर थकलेलं. त्या वयात एकुलत्या एका लेकीला माती द्यायची म्हणजे काय, हे मी लिहू शकत नाही. त्यांनी भाषांतराचं काम सोडलं नाही. पुढच्या नऊ महिन्यांत ते शेवटाला नेलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पूर्ण पवित्र शास्त्र छापून झालं ते १९२४ साली. त्यांनी ते पुस्तक पाहिलं नाही.

फळझाडाचंही असंच असतं. चिंच लावणारा चिंच खात नाही, असं आमच्याकडं म्हातारे म्हणतात, आणि तरी बांधावर चिंच लावतात.

आमच्या मंडळीत मृग नक्षत्र कोरडं गेलं की पावसासाठी खास प्रार्थना होते. सगळे गुडघ्यावर येतात. म्हाताऱ्या बायका रडतात. तरणी पोरं हल्ली मोबाईलवर हवामानाचा अंदाज बघून येतात आणि विचारतात, "अंदाजात तर पाऊस नाही, मग प्रार्थना करून काय होणार?" मी त्यांना वाद घालून पटवत बसत नाही. आमेन झालं की सांगतो, घमेली आणि फावडी घेऊन चला, मंडळीच्या विहिरीतला गाळ काढायचाय. पाऊस आज येवो, महिन्यानं येवो. आला तर पाण्याला जागा पाहिजे.